पोळ्याच्या दिवशी सोडलेला दोर

दोन वर्षांपूर्वी पोळ्याच्या दिवशी मी एका म्हाताऱ्या ट्रॅक्टरचे दोर सोडले. हे कृत्य मी दयाबुद्धीने केले, शाळेच्या तीस-चाळीस मुलांच्या देखत केले, आणि ते केल्यावर मुलांनी टाळ्याही वाजवल्या. त्या कृत्यात अपराध होता की नाही, आणि असल्यास तो नेमका कोणत्या जागी होता, याचा शोध मी अजून करीत आहे.

हा ट्रॅक्टर आमच्या वर्ध्याकडच्या गावात, शाळेच्या कुंपणाला लागून असलेल्या निंबाखाली उभा आहे. त्याला चाके नाहीत. रणगाड्याला असतात तशा लोखंडी पट्ट्यांच्या साखळ्या आहेत. गावात त्याला ‘चेनचा ट्रॅक्टर’ म्हणतात. कॅटरपिलर कंपनीचा, डी-४ जातीचा. वजन साडेचार-पाच टनांच्या घरात. मूळचा पिवळा रंग आता फक्त बोनेटच्या आतल्या बाजूला, पावसाची नजर न पोचलेल्या जागी शिल्लक आहे. या जातीच्या यंत्राचा जन्म अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाचा. तिथल्या दलदलीच्या जमिनीत वजनदार यंत्रांची चाके रुतून बसत, म्हणून बेंजामिन होल्ट नावाच्या माणसाने चाके काढून त्या जागी फिरत्या पट्ट्या बसवल्या, आणि १९०४ साली २४ नोव्हेंबरला स्टॉक्टन गावाजवळ त्याची परीक्षा पाहिली. सुरवंटासारखा सरपटतो म्हणून सुरवंट, हे नाव एका छायाचित्रकाराच्या तोंडून सहज निघाले आणि पुढे तेच कंपनीचे नाव झाले, असे सांगतात.

आपल्याकडे अशी यंत्रे आली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. अमेरिकन सैन्याने मागे टाकलेल्या ट्रॅक्टरांवर केंद्र सरकारने एक संघटना उभी केली आणि मध्य भारतातल्या कांस गवताने खाल्लेल्या जमिनी उन्हाळ्यात खोल नांगरून काढायला सुरुवात केली. १९४९ साली जागतिक बँकेने हिंदुस्थानला शेतीच्या यंत्रांसाठी एक कोटी डॉलरचे कर्ज दिले, ते मुख्यतः याच कामासाठी. कांसाची मुळे इतकी खोल जातात की बैलांच्या नांगराने ती फक्त वरवर खाजवल्यासारखी होतात. आमच्या निंबाखालचा ट्रॅक्टर त्या सरकारी ताफ्यातला नव्हे. तो कुणा मालगुजाराने घेतलेला, पुढे लिलावात निघालेला, आणि शेवटी ज्याने तो आयुष्यभर चालवला त्यानेच भंगाराच्या भावात विकत घेतलेला आहे. त्या गृहस्थांना सारा गाव आबाजी म्हणतो. मीही तेच म्हणतो. वय ऐंशीच्या पुढे.

यंत्रशास्त्र मला येत नाही. मॅट्रिकपर्यंत जे विज्ञान शिकलो त्यातले बरेचसे शिकवता शिकवताच विसरलो. पण या प्रकरणामुळे मला एक गोष्ट समजून घ्यावी लागली, आणि ती सांगितल्याशिवाय पुढचे कळायचे नाही.

चेनच्या ट्रॅक्टरला वळवायला सुकाणू नसते. आसनासमोर दोन उभे दांडे असतात, एक डाव्या साखळीचा आणि एक उजव्या साखळीचा. आसनाच्या खाली, मधल्या दंतचक्राच्या दोन्ही अंगांना दोन बंद कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्यात एक क्लच असतो. क्लच म्हणजे तबकड्यांची चळत: एक नुसती पोलादी, एक अस्तर लावलेली, पुन्हा पोलादी, पुन्हा अस्तराची. मजबूत स्प्रिंगा ही चळत सतत दाबून धरतात. ती दाबलेली असली की इंजिनाची ताकद साखळीपर्यंत पोचते. डावा दांडा मागे ओढला की डाव्या चळतीवरचा दाब निघतो, तबकड्या सुट्या होतात, डावी साखळी थंडावते, उजवी चालतच राहते, आणि ट्रॅक्टर डावीकडे वळतो. आणखी वळवायचे असले तर त्या बाजूचा ब्रेक पायाने दाबायचा.

आता गोम अशी की दांड्याला कोणी हात लावलेला नसतो तेव्हा तबकड्या सुट्या नसतात. घट्ट दाबलेल्या असतात. आपण ज्याला यंत्राची मोकळी, निवांत अवस्था समजतो तीच पकडीची अवस्था. असा ट्रॅक्टर पावसाळाभर उघड्यावर राहिला की आसनाच्या बाजूने, दांड्यांच्या खाचांतून, गिअरच्या दांड्याच्या बुडाशी फाटलेल्या कातड्यातून पाणी हळूहळू खाली उतरते. पाऊस नसला तरी पहाटेच्या गारव्याने आत दंव धरते. अस्तर पाणी शोषून घेते आणि ते ओले अस्तर पोलादाच्या अंगाशी आवळून धरलेले असते. पोलाद गंजते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा लागते. तो फुगतो, अस्तराच्या बारीक भेगांत शिरतो, आणि सगळ्या तबकड्यांचा मिळून एक लगदा होतो. मग दांडा कितीही ओढा. स्प्रिंगांचा दाब निघतो, पण तबकड्या एकमेकींना सोडत नाहीत. मिस्त्री लोक म्हणतात, क्लच धरून बसला.

यावरचा उपाय इतका साधा आहे की तो कोणाला सुचला असेल याचे मला नवल वाटते. ट्रॅक्टर उभा करून ठेवताना दोन्ही दांडे पूर्ण मागे ओढायचे आणि दोराने आसनाच्या मागच्या दांडीला बांधून टाकायचे. तबकड्यांत केसाएवढी फट राहते, वारा खेळतो, आणि गंज आलाच तरी तो ज्याच्या त्याच्या अंगावर राहतो. इंजिनामागच्या मुख्य क्लचचा दांडा सुटलेल्या बाजूला टाकून ठेवायचा. तो तिथे आपोआप राहतो, त्याला दोर लागत नाही. ब्रेक दाबून ठेवायचे नाहीत, नाही तर त्यांचे पट्टे ढोलाला चिकटतात. दोन्ही कप्प्यांच्या तळाशी एकेक बूच असते ते काढून ठेवायचे, म्हणजे शिरलेले पाणी वाहून जाते. आसनावर आणि दांड्यांच्या बुडाशी ताडपत्री, धुराड्यावर पत्र्याचा डबा. आणि महिन्यातून एकदा इंजिन सुरू करून, चांगले तापवून, चार पावले मागेपुढे करायचे आणि दोन्ही दांडे दहा-वीस वेळा ओढायचे.

डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी आबाजी नागपूरला मुलाकडे निघाले तेव्हा त्यांनी हे सारे मला निंबाखाली उभे करून सांगितले. दोर त्यांनी स्वतःच बांधले होते. "गुरुजी, बाकी काही झालं नाही तरी चालंल," ते म्हणाले, "पन महिन्यातून एक डाव त्याले जागं करजा." मी होकार दिला. दोर का बांधले आहेत हे मी विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. बहुधा त्यांना वाटले असावे की एवढे तर कोणालाही कळते.

ताडपत्री मी घातली. धुराड्यावर डबा ठेवला. तो वाऱ्याने दोनदा उडाला आणि दोन्ही वेळा मी पावसात जाऊन तो परत बसवला, याचा मला थोडा अभिमानही वाटला. पण ट्रॅक्टर जागा करण्याचे काम माझ्याच्याने झाले नाही. त्याचे डिझेल इंजिन सुरू करायला आधी शेजारचे एक लहानसे पेट्रोलचे इंजिन दोरीने ओढून सुरू करावे लागते आणि मग त्या लहान इंजिनाने मोठ्याला फिरवावे लागते. या खटाटोपाची मला भीती वाटली. पहिला महिना गेला, दुसरा गेला. तिसऱ्या महिन्यात मला त्याची आठवण राहिली नाही, आणि आठवण राहत नाही याची खंतही राहिली नाही.

मग पोळा आला. आमच्याकडे पोळ्याचे महत्त्व दिवाळीहून कमी नाही. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात, दुसऱ्या दिवशी त्यांच्या मानेवर जू ठेवायचे नाही असा दंडक असतो. अलीकडे गावात बैल थोडे राहिले आहेत, म्हणून शाळेतल्या मुलांनी ट्रॅक्टरलाच सजवायचे ठरवले. धुराड्याला झूल बांधली, बोनेटवर गेरूचे हात उमटवले. सहावीतली एक मुलगी आसनावर चढली आणि ते दोन ताणलेले दांडे पाहून मला म्हणाली, "गुरुजी, आज याले बांधून काहून ठेवलं?"

या प्रश्नाने माझ्यातला शिक्षक नव्हे, कादंबरीकार जागा झाला. एकदम मला ते दांडे म्हणजे मागे पिरगाळून बांधलेले हात दिसू लागले. आत कुठे तरी स्प्रिंगा दबून राहिल्या असतील, वर्षभर त्यांनी श्वास घेतला नसेल, असे वाटले. विश्रांती म्हणजे सोडणे, आणि आज तर सोडण्याचाच सण. मी खिशातल्या चाकूने दोन्ही दोर कापले. दांडे खाडकन पुढे गेले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्या संध्याकाळी मी वहीत एक परिच्छेदही लिहून ठेवला, आणि तो वाईट नव्हता.

दोर कापल्यावर त्या वर्षीचा भाद्रपद आणि हस्ताचा पाऊस झाला, आणि मग पुढच्या वर्षीचा पूर्ण पावसाळा. आबाजींची दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया लांबली होती. ते परतले गेल्या वर्षीच्या दिवाळीनंतर.

ट्रॅक्टर सुरू झाला. जुन्या डिझेल इंजिनांची चिकाटी विलक्षण असते. धुराचा एक काळा लोट निघाला, मग पांढरट, मग इंजिन ठोक्यात आले. आबाजींनी गिअर टाकला, मुख्य क्लच लावला, आणि कुंपणाशी आल्यावर उजवीकडे वळण्यासाठी उजवा दांडा ओढला. ट्रॅक्टर वळला नाही. त्यांनी डावा ओढला. ट्रॅक्टर सरळच गेला. शाळेचे तुराट्यांचे कुडाचे कुंपण त्याने कागदासारखे आडवे केले आणि पुढच्या पेरूच्या झाडापासून हातभर अंतरावर तो थांबला. तो थांबला याचे कारण मुख्य क्लच शाबूत होता. त्याला मी हात लावला नव्हता, म्हणजे तिथे दया करायचे मला सुचले नव्हते.

आबाजी खाली उतरले, आसनामागे गेले, आणि दांडीला लोंबणारे दोराचे दोन कापलेले तुकडे त्यांनी बोटांनी चाचपले. "कोनं सोडले?"

"मी," मी म्हणालो. "पोळ्याला."

ते काहीच बोलले नाहीत. खरे तर त्यांनी रागवायला हवे होते. राग आला असता तर मला माझी बाजू मांडता आली असती.

बाजू मी मनाशी पुष्कळ वेळा मांडली आहे. मला माहीत नव्हते. हेतू चांगला होता. कोणत्याही न्यायासनापुढे ही दोन वाक्ये पुरेशी व्हावीत असे आपल्याला वाटते. पण दुसऱ्याची ठेवलेली वस्तू सांभाळणे हा आपल्याकडे फार जुना विषय आहे. मनुस्मृतीने व्यवहाराची जी अठरा पदे सांगितली त्यांत ऋणादानाच्या खालोखाल निक्षेपाला, म्हणजे विश्वासाने ठेवलेल्या ठेवीला जागा आहे. आजचा कायदाही तेच सांगतो. १८७२ सालच्या करार कायद्याचे १५१वे कलम असे आहे की सर्वसाधारण शहाणा माणूस तशाच परिस्थितीत तशाच प्रकारच्या स्वतःच्या मालाची जितकी काळजी घेईल, तितकी काळजी ठेव घेणाऱ्याने घेतली पाहिजे. गावच्या एका वकील मित्राने मला हे कलम दाखवले आणि हसत म्हणाला, "सुटलास तू! सर्वसाधारण शहाण्या माणसाला स्टिअरिंग क्लच कुठे माहीत असतो?" मी सुटलो असेनही. पण ते कलम वाचताना मला वेगळीच शंका आली. माझी स्वतःची वस्तू असती तर मी तिचा बांधलेला दोर, तो का बांधला हे न विचारता, कापला असता काय? माझ्या कादंबरीच्या बाडाला कोणी बांधलेली गाठ मी दहादा न्याहाळून सोडतो.

अ‍ॅरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या तिसऱ्या खंडात या ठिकाणी एक बारीक रेघ ओढली आहे. अज्ञानामुळे केलेले कृत्य वेगळे आणि अज्ञानाच्या स्थितीत केलेले कृत्य वेगळे. दारू प्यायलेल्या माणसाला आपण काय करतो आहोत हे कळत नाही, पण त्याचे कृत्य अज्ञानामुळे घडत नाही, दारूमुळे घडते. म्हणून अशा गुन्ह्याला दुप्पट शिक्षा देण्याच्या प्रथेचा तो उल्लेख करतो: न पिणे त्या माणसाच्या हाती होते. मी दारू घेत नाही. पण त्या दिवशी मी एका प्रतिमेच्या नशेत होतो, असे मला आता वाटते. बांधलेले हात, दबलेला श्वास, सणाचा दिवस, मुलांचे डोळे. ती नशा नसती तर मी एवढे तरी म्हणालो असतो की आबाजींना फोन करून विचारू या. नागपूर काही समुद्रापलीकडे नाही. फोन माझ्या खिशातच होता, चाकूच्या शेजारी.

त्याच ठिकाणी अ‍ॅरिस्टॉटल आणखी एक खूण सांगतो. अज्ञानामुळे झालेल्या कृत्याचे ज्याला नंतर दुःख होते, त्याचेच कृत्य त्याच्या इच्छेविरुद्ध झाले असे म्हणता येते. मला दुःख झाले. पण कशाचे? पहिले आठ दिवस मला दुःख होते ते मुलांपुढे फजिती झाल्याचे. त्या दोन कप्प्यांत प्रत्यक्ष काय झाले असेल हा विचार मला त्यानंतर सुचला. म्हणजे ही खूण माझ्या बाजूने साक्ष देईल अशी खात्री मला वाटत नाही.

आमच्या शिक्षकांच्या खोलीत यावर बराच खल झाला. एक सहकारी, माणूस व्यवहारी, त्याने विचारले की नुकसान ते काय झाले? तो ट्रॅक्टर नांगरणीला जाणार नव्हता. दहा-पाच हजारांचे भंगार धरून बसले काय आणि न बसले काय! ज्या वस्तूचा उपयोग संपला तिच्याविषयी कर्तव्य कसले? हा प्रश्न मला सोपा वाटत नाही. पण माझे कर्तव्य ट्रॅक्टरपुरते होतेच कुठे? आबाजी साठ वर्षे ज्या दांड्यांना हात लावीत आले ते दांडे ओढले की काही तरी होते, एवढी गोष्ट त्यांना परत आल्यावर जशीच्या तशी मिळायला हवी होती. ऐंशीनंतर माणसाच्या ओढण्याला ऐकणाऱ्या गोष्टी फार उरत नाहीत. तो नांगरायला जात नाही म्हणूनच त्याचे वळणे महत्त्वाचे होते.

स्प्रिंगांची दया ही तर निव्वळ अज्ञानाची दया ठरली. आबाजींकडूनच मला पुढे कळले की त्या स्प्रिंगा दोर बांधला तरी दबलेल्या असतात आणि सोडला तरी दबलेल्याच असतात. दांडा ओढल्यावर त्या फक्त थोड्या अधिक दबतात, आणि एवढ्याने चांगल्या पोलादाचे काही बिघडत नाही. स्प्रिंग कधी मोकळी नसतेच. मला जिचा कळवळा आला तिला कळवळ्याची गरज नव्हती, आणि जिला माझी गरज होती ती तबकडी मला दिसत नव्हती.

या तबकड्यांवरून मला संसार, भाऊबंदकी, पक्ष, संस्था अशा कितीतरी गोष्टी सुचल्या. फार जवळ, फार काळ, हालचाल न करता दाबून ठेवलेली माणसे प्रेमाने नव्हे, गंजाने एक होतात, असे एक वाक्यही तयार झाले. ते मी खोडून टाकले. वाक्य खोटे आहे म्हणून नव्हे. पण ज्या खोडीने मी दोर कापला, तीच खोड ते वाक्य लिहीत होती.

क्लच सोडवण्याचे काम हिवाळ्यात झाले. तळाची बुचे पुन्हा लावून आबाजींनी दोन्ही कप्प्यांत रॉकेल ओतले आणि दोन दिवस मुरू दिले. मग ते काढून टाकले, दांडे मागे बांधले, इंजिन तास-दीड तास चालवून कप्पे चांगले कोमट होऊ दिले, आणि मोकळ्या वावरात, आसपास कोणी नसताना, ट्रॅक्टर पुढे घ्यायचा, एका बाजूचा ब्रेक दाबायचा, मागे घ्यायचा, पुन्हा दाबायचा, असे सुरू केले. या धक्क्यांनी गंजाचा सांधा तुटतो. तुटला तर तुटतो. तिसऱ्या दिवशी दुपारी डाव्या बाजूने मडके फुटावे तसा आवाज आला आणि ट्रॅक्टर अर्धे वर्तुळ वळला. आबाजी आसनावर बसूनच हसले. दोन वर्षांनी मी त्यांना हसताना पाहत होतो.

उजवा सुटला नाही. वरचे आसन, पत्रे, सारे काढून तो कप्पा उघडावा लागला. त्याला वर्ध्याहून एक मिस्त्री आला आणि चार दिवस गेले. चळत बाहेर काढल्यावर मी ती पाहिली. पोलादी तबकड्यांवर तांबूस गंजाची नक्षी होती, आणि अस्तराचे तुकडे तिला चिकटून निघाले होते, जशी जखमेची खपली फडक्याला चिकटून यावी. (ही उपमा मला आवरता आली नाही.) पोलाद घासून वापरता आले, अस्तर नवे बसवावे लागले. त्याचा खर्च मी दिला. आबाजी नको म्हणत होते. पण ते ‘नको’ म्हणताना पूर्वीसारखे ठासून म्हणत नव्हते, हे माझ्या लक्षात आले, आणि मला ते बरे वाटले.

मधल्या काळात एकदा मी धीर करून विचारले, "आबाजी, तुम्ही मला रागावला नाहीत ते का?"

ते रॉकेलच्या चिंधीने हात पुसत होते. "तुम्ही इचारलं नाही, अन् म्या सांगतलं नाही," ते म्हणाले. "कोनाकोनावर रागवू?"

हे उत्तर उदार होते, पण मी त्याच्या आड लपू शकत नाही. त्यांनी सांगितले नाही हे खरे. तरी महिन्यातून एकदा त्याला जागे करा, एवढे त्यांनी सांगितले होते आणि मी तेही केले नव्हते. इंजिन सुरू करून मी चार पावले जरी चाललो असतो, तरी दांडे कशासाठी आहेत हे मला पहिल्याच दिवशी कळले असते.

यंदा मृगाच्या आधी मी शाळेतल्या दोन मोठ्या मुलांना घेऊन निंबाखाली गेलो. आबाजी बाजेवर बसून होते. गुडघ्यांमुळे आता त्यांना वर चढता येत नाही. लहान इंजिनाची दोरी मला तीनदा ओढावी लागली. ट्रॅक्टर तापवला, मागेपुढे केला, दोन्ही दांडे वीस वेळा ओढले, मग जागेवर उभा करून मुख्य क्लच सोडला. तळाची बुचे काढली. नवा दोर घेऊन मी दांडे बांधू लागलो. सहावीतली ती मुलगी आता आठवीत आहे. तिने दोराचे दुसरे टोक धरले होते.

"उजवा आनखी वढा, गुरुजी," बाजेवरून आबाजी म्हणाले. "आनखी."